लाट मागनं येते

थांबा जरा, एवढी घाई कसली? तलाव बघून झाला असेल, फोटो काढून झाले असतील, तर जाता जाता इकडं बाभळीखालीही बघा. पांढऱ्या अंगाची, निळ्या पट्ट्याची, नाकावरचा टवका उडालेली आणि कुत्र्यासारखी साखळीनं बांधलेली एक मोटारबोट दिसतेय ना? तीच मी बोलतेय. देवानं मला तोंड दिलं नाही. माणसानं भोंगा दिला, पण तोही दुसऱ्याच्या अंगठ्याखाली. म्हणून आज सांगते ते नीट ऐकून घ्या.

माझा जन्म कोकणातला, समुद्राकाठच्या एका शेडमधला. साच्यात फायबरचे थर चढवून, घासून, रंगवून मला बाहेर काढलं, तेव्हा समोर समुद्रच होता. माझ्याबरोबर झालेल्या दोघी तिथंच पाण्यात उतरल्या. मला वाटलं, आता माझा नंबर. पण एका सकाळी मला दोरखंडांनी करकचून बांधून ट्रकवर चढवलं आणि ट्रक घाट चढायला लागला. समुद्र मागं राहिला. तेव्हाच मला कळायला हवं होतं की आपल्या नशिबात बांधून घेणंच आहे.

दोन दिवसांनी ट्रक मराठवाड्यातल्या उमरग्याच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबला. माझ्याभोवती हीऽ गर्दी! हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी ऊस बघितला होता, पवनचक्कीची पाती बघितली होती, बोट बघितली नव्हती. टपरीच्या बाकड्यावर एक म्हातारा बसला होता. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या गावाला टँकरचं पाणी होतं. त्यानं मला नाकापासून शेपटापर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाला, "पाणी मागितलं तर बोट धाडली व्हय." सगळी टपरी हसली. मला मात्र लई लाज वाटली.

मला मागवणारे गौरीशंकर शेठ. उमरग्यात त्यांचं पाईप आणि मोटारपंपांचं दुकान. त्या वर्षी पाऊस झकास झाला, चिंचकोट्याचा हा तलाव सांडव्यावरून वाहिला, आणि शेठच्या डोक्यात बोटिंगची कल्पना आली. शेठ माणूस वाईट नाही. पण पंप विकणाऱ्याला सगळ्या जगाचं एकच सूत्र माहीत, बटण दाबलं की काम सुरू झालं पाहिजे.

दसऱ्याला माझी पूजा झाली. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबं ठेवायची इथली रीत. मला चाकं कुठली? यावर काठावर अर्धा तास वाद झाला. शेवटी चार लिंबं माझ्या पुढ्यात पाण्यावर सोडली, तर ती डुलत डुलत पलीकडच्या म्हशींकडं निघून गेली. मग नारळ. नारळ दगडावर फोडायचा सोडून उत्साहाच्या भरात माझ्या नाकावर फोडला. तोच हा टवका. बरोबर आलेल्या कोकणातल्या मेकॅनिकनं कपाळाला हात लावला.

तो मेकॅनिक मात्र भला माणूस. त्यानं त्या दिवशी दोन तास घसा कोरडा करून तीन गोष्टी सांगितल्या. एक, पाण्यात माणूस, जनावर, जाळं काहीही दिसलं की लांबूनच वेग मोडायचा. दोन, माणूस पाण्यात असेल तर इंजिन चालू ठेवून त्याच्या जवळ जायचं नाही. इंजिन बंद, मग दोरी टाकायची, मग हात द्यायचा. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ही लाल दोरी. जुन्या फोनच्या वायरसारखी वेटोळी असलेली. तिच्या एका टोकाचा चिमटा इंजिनच्या बटणात बसतो, दुसरं टोक चालवणाऱ्यानं मनगटात अडकवायचं. चालवणारा पडला, झेपावला की चिमटा निघतो आणि इंजिन जागच्या जागी मरतं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. लक्ष सगळ्यांचं पेढ्यांकडं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. मेकॅनिक संध्याकाळच्या गाडीनं गेला आणि मी विरेशच्या हातात राहिले.

विरेश चिंचकोट्याचाच. पस्तिशीचा, हसऱ्या तोंडाचा, गळ्यात लिंग, कपाळाला भस्माची तीन बोटं. आई चन्नम्मा आणि तो, एवढंच घर. बारा वर्षं त्यानं हायवेवर काळीपिवळी जीप हाकली होती. आता बघा, गोम इथंच होती. वाईट माणसाच्या हातात पडले असते तर मी नशिबाला बोल लावला असता. पण विरेश सोन्यासारखा माणूस. त्यानं मला रोज धुतलं, पुसलं, माझ्या सीटवर कुणाला चिखलाचा पाय ठेवू दिला नाही. आणि चालवलं मात्र जीपसारखं.

लाल दोरीचं त्यानं काय केलं ठाऊक आहे? चिमटा होता तसा बटणात ठेवला, आणि मनगटात अडकवायच्या टोकाला लिंबू-मिरची बांधली. दर शनिवारी ताजी. मध्ये एक लिंबू, वरखाली सात मिरच्या आणि एक काळा बिब्बा. जीपच्या पुढं बांधायचा तशीच. दृष्ट लागू नये म्हणून. मी रोज त्या मिरच्यांकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, बाबा रे, ती दोरी शोभेची नाही. पण सांगणार कशी?

दुसरी सवय भोंग्याची. हायवेवर हॉर्न दिला की समोरचा बाजूला होतो, हा त्याचा बारा वर्षांचा अनुभव. तो इथंही लांबून भोंगा द्यायचा आणि निर्धास्त व्हायचा. आपलं काम झालं, आता बाजूला व्हायचं काम दुसऱ्याचं. म्हशी बाजूला होत नसत. पोहणाऱ्यांचे कान पाण्यात असत. आणि वीज आली की काठावरचे शेतीपंप घरघरत, त्यात माझा भोंगा कोण ऐकतो?

तिसरी गोष्ट सांगते, ती जरा नीट समजून घ्या, कारण सगळं पाप तिच्यात आहे.

मी अगदी हळू चालले की पाण्यात बसून चालते. मागं नुसती सुरकुती उठते. पुऱ्या वेगात असले की अंग उचलून पाण्यावरून घसरत जाते, लाट असते पण पसरट. आणि या दोन्हींच्या मधला जो वेग असतो, त्यात माझं नाक वर होतं, शेपूट खाली रुततं आणि मागं कंबरभर लाट उभी राहते. माझी सगळ्यात वाईट लाट ती. आणि विरेश काय करायचा? पुऱ्या वेगात यायचा, माणूस जवळ आला की भोंगा वाजवायचा, आणि अगदी त्याच्या पुढ्यात वेग अर्धा करायचा. का, तर समोरच्याचा मान राखायला. हात उंचावून नमस्कारही करायचा. नमस्कार पुढं निघून जायचा आणि मागनं माझी लाट त्या माणसाच्या छाताडावर आदळायची.

काठावर कपडे धुणाऱ्या रुद्रम्माची दोन लुगडी अशीच वाहून गेली. तिनं विरेशच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. टिबुकलीनं पाणगवतावर तरंगतं घरटं बांधलं होतं, ते अंड्यांसकट उलटं झालं. ती बिचारी दोन दिवस तिथंच बुड्या मारत होती. विरेशला यातलं काही दिसलंच नाही. माझी लाट मागं असते आणि चालवणारा पुढं बघतो. मी अडकले होते ती अशी. समोरचं सगळं दिसतंय, पुढं काय होणार तेही कळतंय, आणि सुकाणूचं चाक दुसऱ्याच्या हातात.

या तलावावर माझ्या आधीपासूनचा एक धनी होता, खाजाभाई. साठी ओलांडलेला, काटक, पांढऱ्या दाढीचा. खताच्या गोण्यांत थर्माकोल शिवून केलेला पाटाएवढा तराफा, त्यावर मांडी घालून बसायचं, दोन्ही हातांत प्लायवूडचे दोन तुकडे घेऊन वल्हवायचं आणि सकाळ-संध्याकाळ जाळी टाकायची, काढायची. जाळ्यावर खुणेला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. बायको गेलेली. मुलगी फलक, शिकलेली, धीट, टोपली घेऊन बाजारात मासळी विकणारी. बापलेकीचं घर या पाण्यावर चालायचं. दुसरा हुन्नर खाजाभाईला ठाऊक नव्हता आणि त्याची गरजही कधी पडली नव्हती. त्याला पाण्यावर निर्धास्त बसता आलं पाहिजे, एवढंच हवं होतं.

मी आले आणि ते निर्धास्तपण गेलं. माझा आवाज आला की तो जाळं सोडून दोन्ही हातांनी तराफ्याच्या कडा धरायचा. लाट यायची, तो वरखाली हलायचा, मग पुन्हा जाळं शोधायचा. दिवसातून आठ वेळा, दहा वेळा. रविवारी तर विचारू नका.

एकदा तो तराफा घेऊन माझ्याजवळ आला. विरेश मला पुसत होता. खाजाभाईनं आधी चन्नम्माची खुशाली विचारली, पावसापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "विरेश बेटा, तू माझ्याजवळ आल्यावर हळू होतोस. लांबनंच हो की. तू जातोस पुढं, पण लाट मागनं येते."

विरेश म्हणाला, "चाचा, मी हॉर्न देतो की तुमाला."

"हॉर्न ऐकून थर्माकोल कुठं पळंल रे?"

विरेश हसला. खाजाभाईही हसला. दोघंही मोकळ्या मनानं हसले, आणि त्या हसण्यातच ती गोष्ट विरून गेली. खाजाभाई तेव्हा भांडला असता, रुद्रम्मासारख्या शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तो पडला मऊ माणूस.

मग आला जानेवारीतला तो रविवार.

दुपारची वेळ. शहरातनं आलेलं एक कुटुंब माझ्यात बसलं होतं. नवरा-बायको आणि बायकोची बहीण. त्या बहिणीला फोटो हवा होता. तराफ्यावरचा कोळी, मागं तलाव, असा. "जरा जवळनं घ्या ना," ती म्हणाली. पाहुण्याला नाही म्हणणं विरेशच्या रक्तात नाही. त्यानं माझं नाक खाजाभाईकडं वळवलं.

खाजाभाई पाठमोरा बसून जाळं ओढत होता. शेतीपंप चालू होते. विरेशनं भोंगा दिला. खाजाभाईनं मान वळवली तेव्हा मी पुढ्यात होते. विरेशनं नेहमीसारखा वेग अर्धा केला, हात उंचावला. बाईनं फोटो काढला. माझं शेपूट रुतलं. मला कळत होतं मागं काय उभं राहतंय. त्या माणसाचे दोन्ही हात जाळ्यात होते, कडा धरायला एक हातही मोकळा नव्हता.

तराफा उलटला. खाजाभाई पाण्यात गेला आणि वर आला तेव्हा जाळं त्याच्या पायाला गुंडाळलेलं होतं. जन्मभर पोहलेला माणूस, पण बांधलेल्या पायानं कोण पोहणार?

विरेशनं मागं वळून बघितलं. त्यानं मला गर्रकन वळवलं. मदतीला निघाला हो तो! इंजिन बंद करायचं, दोरी टाकायची, हे पेढ्यांच्या गडबडीत त्याच्या कानावरून गेलं होतं, ते आता कुठलं आठवायला? त्याला फक्त एवढंच कळत होतं की चाचा बुडतोय आणि आपण लवकर पोचायला हवं. मी आतल्या आत ओरडत होते. नको रे, शेपटाखाली माझा पंखा फिरतोय, पाण्यात जाळं आहे. पण माझं ओरडणं म्हणजे इंजिनचा आवाज. तो उलट वाढला.

जाळं पंख्यात आलं. मासे धरायला विणलेला तो बारीक नायलॉनचा धागा, तो पंख्याच्या दांड्यावर गुंडाळायला लागला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला खाजाभाईचा पाय. एक वेढा, दोन वेढे, आणि प्रत्येक वेढ्याला तो माझ्या पात्यांकडं ओढला जात होता. विरेशनं पाय आपटला. त्याच्या पायानं माझ्या फळीवर ब्रेक शोधला. एकदा, दोनदा, तीनदा. ती आपट अजून माझ्या फळीत आहे. बोटीला ब्रेक नसतो, बाबांनो. मग त्यानं गिअरची दांडी ओढली, ती घाईत मागच्या गिअरात गेली. पंखा उलटा फिरला. सुटतंय सुटतंय वाटलं तोवर जाळं उलट्या बाजूनं गुंडाळलं.

बायका किंकाळ्या फोडत होत्या. खाजाभाईचं डोकं पाण्याखाली गेलं. विरेश गुडघ्यावर बसला, देवा म्हणाला, आणि समोर जे देवाचं दिसलं ते त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. ती लिंबू-मिरची होती. भीतीनं त्याची मूठ आवळली, ओढली गेली, आणि दोरीच्या टोकाचा चिमटा बटणातनं खटकन निघाला.

मी थांबले.

एवढी शांतता त्या तलावावर मी कधी ऐकली नव्हती. पंप चालू होते, तरी शांतता. मग विरेश कपड्यांसकट पाण्यात उडी मारून गेला. खाली जाऊन त्यानं खाजाभाईला काखेत धरून वर आणलं आणि पाहुण्यानं मला काठाला बांधायची दोरी फेकेपर्यंत डोकं पाण्यावर धरून ठेवलं. पाय माझ्या पात्यांपर्यंत पोचला होता. टाच फाटली होती, दोन बोटं गेली होती. दोघांनी पायाभोवतीचं जाळं तोडून त्याला वर घेतलं. माणूस वाचला. आणखी तीन वेढे पडले असते तर काय झालं असतं ते मला सांगवत नाही. मला तो हिशेब रोज आठवतो.

उमरग्याच्या दवाखान्यात खाजाभाई बावीस दिवस होता. इकडं पंचनामा झाला, गावकरी जमले, माझ्या नावानं बोटं मोडली गेली. शेठनं चावी खिशात घातली आणि मला बाभळीला साखळीनं बांधलं. पंख्यात ते जाळं तसंच. कोणी हात लावेना. माझ्या मानेला साखळी आणि शेपटाला जाळं. खरं सांगू? मला बरंच वाटलं. बांधलेली होते तोवर माझ्या हातून काही वाईट होणार नव्हतं.

पण विरेशचं काय? आठ दिवस तो काठावर आलाच नाही. नवव्या दिवशी पहाटे उजाडताना आला, तो फलकच्या मागं मागं. खाजाभाईचा तराफा त्यानं खांद्यावर घेतला होता. फलक त्याच्याशी बोलत नव्हती. विरेशच सांगत होता, आणि ते मला ऐकू आलं. चन्नम्मानं त्याला घरात बसलेलं बघितलं आणि म्हणाली, "ज्याचं काम तू बंद पाडलंस त्याचं काम तूच करायचं. आंघोळीचं पाणी मी तापवून ठेवते."

बघा आता. ज्याच्या घरात सात पिढ्या मासळी शिजली नाही, ज्याच्या आईनं अंड्याची टरफलंही दारात येऊ दिली नाहीत, तो लिंगायताचा मुलगा तराफ्यावर मांडी घालून जाळं ओढायला लागला. पहिल्या दिवशी तीन वेळा पाण्यात पडला. मासळीला हात लावायचं धैर्य होईना, म्हणून मासे अडकलेलं अख्खं जाळं तोंड फिरवून काठाला आणायचा आणि फलकच्या पुढं ठेवायचा. ती मासे सोडवायची. तो आभाळाकडं बघत उभा राहायचा. एकदा एक मरळ उसळून त्याच्या पायावर पडली आणि हा बोंबलत बाभळीपर्यंत पळाला. तेव्हा फलक पहिल्यांदा हसली. मग घरी जाऊन दारातच आंघोळ, मग घरात पाऊल. असे दोन महिने.

त्या दोन महिन्यांत त्याला कळलं ते मेकॅनिकनं दोन वर्षं सांगून कळलं नसतं. तराफ्यावर बसलं की माणसाची नजर पाण्याला लागून असते. नुसत्या वाऱ्याची लाट आली तरी हात आपोआप कडा धरतात. एका दुपारी पंप चालू असताना रुद्रम्मानं काठावरून त्याला बोंबलून हाक मारली, दहा वेळा मारली, त्याला ऐकू आली नाही. मागं वळून बघितलं तेव्हा ती हातवारे करत होती. मग त्यानं मान वळवून माझ्याकडं, माझ्या भोंग्याकडं बघितलं.

मार्चअखेर खाजाभाई काठी टेकत काठावर आला. शेठना पुन्हा परवानगी मिळाली होती, मेकॅनिकही आला होता आणि ब्लेडनं जाळं कापायच्या तयारीत होता. खाजाभाई म्हणाला, जाळं माझं आहे, मी काढतो. तो माझ्या मागं चिखलात बसला. पाणी तोवर बरंच उतरलं होतं, माझं शेपूट उघडंच होतं. एकेक धागा त्यानं सोडवला, न सुटणारा कापला. ज्या ठिकाणी त्याचा पाय अडकला होता तिथवर आला. तो थांबला, हात लुंगीला पुसले, पुन्हा सुरू केलं.

विरेश शेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "चाचा, त्या दिवशी देवानंच इंजिन बंद केलं बघा."

खाजाभाईनं वर बघितलं नाही. "देवानं दोरी आधीच दिली होती, बेटा. तू तिला मिरच्या बांधल्यास."

विरेश उठला, वाळून कोळसा झालेली ती लिंबू-मिरची त्यानं दोरीची सोडली आणि माझ्या पुढच्या कडीला बांधली. टाकली नाही, बरं का. ती आजही आहे तिथं. पण दोरीचं टोक त्यानं मनगटात घातलं, आणि मेकॅनिकला म्हणाला, आता मला पहिल्यापासनं सांगा, पेढे नकोत.

दुसऱ्या दिवसापासून खाजाभाई तराफा घेऊन पाण्यावर यायला लागला. विरेशनं हातानं धरून बसवलं. पण पाण्यावर जाताना खाजाभाई रोज एकदा मान वळवून माझ्याकडं बघायचा. मी साखळीला बांधलेली, चावी उमरग्यात, टाकी रिकामी. तरी बघायचा. कुठं शेतात ट्रॅक्टर सुरू झाला की त्याच्या हातातले प्लायवूडचे तुकडे थांबायचे.

परवा माझी साखळी सुटली. चौघं पाहुणे बसले, चौघांच्या अंगात जॅकेटं. एकानं म्हटलं, त्या कोळ्याच्या जवळनं घ्या. विरेश म्हणाला, "न्हाय जमायचं. तिथं माणूस काम करतोय." पाहुण्यानं तोंड वाकडं केलं. करू दे.

तलावाच्या मध्यावर एक बुडालेलं झाडाचं खोड आहे, त्यापाशी, खाजाभाई अजून पार लांब असतानाच, विरेशनं माझा वेग मोडला. अर्धा नाही, पुरता मोडला. मी पाण्यात बसले. म्हैस चालते तशी चालले. भोंगा नाही, नमस्कार नाही. मुद्दाम लांबचा वळसा घेऊन आम्ही गेलो. विरेश पुढं बघत नव्हता, मान वळवून मागं पाणी बघत होता. मागं नुसती सुरकुती होती, आणि तीही खाजाभाईपर्यंत जाईतो जिरून गेली. माझ्या जन्मात मी एवढी चांगली कधी चालले नव्हते.

आता पाणी महिनाभराचं उरलंय. मग मी चिखलात बसेन, पावसाळ्यापर्यंत. समुद्र काही माझ्या वाट्याला येत नाही, आणि आता त्याची हौसही नाही. मला एवढंच मागायचंय. उद्या तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखीचं चाक हातात धरलं, तर समोरचा जवळ आल्यावर हळू होऊ नका. तो लांब असतानाच हळू व्हा. जो पाण्याला लागून बसलाय त्याच्याकडं पळायला जागा नाही, धरायला नुसती एक गोणी आहे. दोरी मनगटात घाला. आणि पुढं बघता तेवढंच मागंही बघा. आम्हाला चाक धरता येत नाही हो. तुम्ही धराल तशा आम्ही जातो.

आणि हे विरेशला मी सांगू शकले नाही ते तुम्हाला सांगते. परवा आम्ही त्या वळशावर असताना खाजाभाईनं जाळं सोडलं होतं. दोन्ही हातांनी तराफ्याच्या कडा धरल्या होत्या, डोळे मिटले होते आणि तो लाटेची वाट बघत होता. लाट आलीच नाही. आम्ही काठाला लागलो, पाहुणे उतरले, विरेशनं साखळी अडकवली, कुलूप लावलं. तरी खाजाभाईचे हात सुटले नव्हते.